तेरवीची दोनशे पानं

महागाई म्हणजे काय, हे मी पदवीच्या तीन वर्षांत शिकले. आईनं ते तेरवीच्या पंगतीत बसून शिकलं. तिचं शिक्षण माझ्यापेक्षा पक्कं होतं, हे कळायला मला बराच उशीर झाला.

माझं काम गावोगावच्या बचत गटांतल्या बायकांना पैशाचे शब्द समजावून सांगण्याचं आहे. एका संस्थेनं त्यासाठी मला नेमलं आहे. मुद्दल, व्याज, चक्रवाढ, महागाई, तरलता, वारसनोंद असले शब्द. सकाळी हिंगोलीहून बस धरायची, कधी कुरुंद्याकडं, कधी औंढ्याकडं, कधी नरसीच्या बाजूला. दुपारी समाजमंदिरात सतरंजी टाकून वर्ग घ्यायचा आणि साडेचारच्या बसनं परत यायचं. ती बस चुकली की रात्रीपर्यंत फाट्यावर बसावं लागतं, त्यामुळे माझा अर्धा जीव फळ्याकडं आणि अर्धा घड्याळाकडं असायचा.

संस्थेनं दिलेल्या पुस्तिकेत आठ धडे आहेत. ज्यानं कुणी ते लिहिले, त्यानं आमच्या भागातली हळद फक्त भाजीत पाहिली असावी. उदाहरणं सगळी मोटारगाडीची आणि विमानप्रवासाची. ती मी पहिल्याच महिन्यात सोडून दिली आणि बेण्यावर आले. हळद काढल्यावर तुम्ही सगळी विकत नाही, पुढच्या लागवडीसाठी गड्डे बाजूला काढता, ते बेणं म्हणजे मुद्दल. त्या बेण्यातून जी जास्तीची हळद आली, ती व्याज. आलेल्यातली थोडी न विकता बेण्यातच टाकली, तर पुढच्या साली लागवड वाढते, ती चक्रवाढ. हजार रुपयांवर शेकडा दहानं पहिल्या वर्षी शंभर मिळतात. ते तसेच राहू दिले तर दुसऱ्या वर्षी एकशे दहा मिळतात, कारण आता अकराशेवर व्याज लागतं. एवढं सांगून मी विचारायची, बेणं कुणी शिजवून विकतं का? बायका हसायच्या. मला वाटायचं, झालं, समजलं. मी चांगली शिकवते असा माझा ठाम समज होता.

आमचं गाव कुरुंद्याजवळच. माझे दोघे भाऊ तिथंच शेती करतात, आई थोरल्याकडं राहायची. वडील गेले तेव्हा त्यांच्या तेरवीला दोघा भावांचं अंगणात वाजलं. भांडण कशावरून, तर साखरेवरून. बुंदीसाठी साखर कमी पडली, आणखी आणायची ती कुणाच्या वाट्याला लावायची, एवढाच प्रश्न होता. पण मांडवात पंगत बसली होती, सोयरे जेवत होते, आणि ते बोलणं सगळ्यांनी ऐकलं. आई आत भिंतीला टेकून बसली होती, तिनंही ऐकलं. महिनाभरानं मला म्हणाली की तिची तेरवी तिच्या स्वतःच्या पैशानं व्हायला पाहिजे. तीनशे पानं उठली पाहिजेत आणि त्यात कुणाच्या साखरेचा एक दाणा नको. मी तिला रागावले. असलं अभद्र काय बोलतेस, म्हणाले. ती म्हणाली, अभद्र ते होतं जे अंगणात झालं.

आमच्या घरी बांधाकडच्या दोन सऱ्या बाईच्या असतात. आजीच्या काळापासून तसं आहे. त्या दोन सऱ्यांची लागवड, खुरपणी सगळं तिनं करायचं आणि येईल त्या हळदीच्या पैशाला पुरुषांनी हात लावायचा नाही. आईनं तोवर त्या पैशातून भांडी घेतली होती, माझी फी भरली होती. आता ती ते नोटा करून एका डब्यात ठेवू लागली आणि डबा डाळीच्या कोठीत.

पैसे ती रुपयांत मोजत नसे, पानांत मोजायची. कुणाच्याही तेरवीला गेली की जेवण झाल्यावर मागच्या बाजूला आचाऱ्याकडं जायची. तेलाचा डबा कितीला आणला, बेसन कसं किलो, साखर किती लागली, एका पानाला काय पडलं. आचारी वैतागायचे. म्हातारी जेवायला येते का तपासणीला, असं लोक म्हणायचे आणि तिलाही ते ठाऊक होतं. घरी येऊन ती डब्यातले पैसे त्या दिवसाच्या भावानं भागायची. वडिलांच्या वेळी पान पन्नासला पडलं होतं, म्हणजे तीनशे पानांना पंधरा हजार. ते पंधरा हजार जमेपर्यंत पान पंचाहत्तरला गेलं. आता त्याच पैशात दोनशेच उठत होती. मग तिनं आणखी जमवले, चोवीस हजार झाले, तोवर पान एकशे वीसवर पोचलं. पुन्हा दोनशे.

यातलं मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. तेरवीचं ती बोलली होती एवढं आठवत होतं, पण डबा आहे, त्यात इतके पैसे आहेत, ती दर वेळी असा भागाकार करते, हे मी कधी विचारलं नाही. दुसऱ्यांच्या आयांना पैशाचं शिकवत फिरणाऱ्या मला स्वतःच्या आईची बचत ठाऊक नव्हती.

मग एकदा माझ्या यादीत आमचंच गाव आलं. थोरल्या वहिनी गटात होत्या, त्यांच्याबरोबर आईही येऊन मागच्या भिंतीशी बसली. लेक फळ्यापुढं उभी आहे हे पाहून तिनं पदर नीट केला. मी महागाई शिकवत होते. वस्तूंचे भाव वाढत जातात आणि तेवढ्याच पैशात पहिल्यापेक्षा कमी वस्तू येतात, ती महागाई. नोट तीच राहते, तिची ताकद उतरते. वर्ग हसता ठेवायची मला सवय होती. मी म्हणाले, काही बायका अजून डाळीत डबा पुरून ठेवतात, त्यांना वाटतं पैसा सुरक्षित आहे, पण आतल्या आत त्याला कीड लागलेली असते. सगळ्या हसल्या. आई हसली नाही. तिनं हात वर केला. वर्गात ती मला मॅडम म्हणाली.

"मॅडम, डबा ठेवणारी ती बाई मीच हाय. पंधरा हजारात दोनशे पानं उठत व्हती. आता चोवीस हजार झाले, तरी दोनशेच उठून राहिलेत. मरेपर्यंत मी असं मागंच पळायचं का?"

बायका वळून तिच्याकडं बघू लागल्या. मग मी मास्तरीण असल्यासारखी सावरले आणि व्याजाकडं वळले. पैसा बसून राहिला तर झिजतो, त्याला कामाला लावलं पाहिजे, बँकेत ठेवलं तर व्याज मिळतं, ते काढलं नाही तर चक्रवाढीनं वाढतं. आईनं विचारलं, बँक किती देते? मी आकडा सांगितला. तिनं मनात काही जुळवलं आणि म्हणाली, एवढ्यानं तर पानं जेमतेम दोनशेच राहतील, तीनशे कधी व्हायची? जास्त देणारं कुणी असतं का?

घड्याळात सव्वाचार झाले होते. पुस्तिकेचा आठवा, शेवटचा धडा जोखमीचा. त्यात लिहिलंय की जो जास्त परतावा कबूल करतो, त्याच्याकडं पैसा बुडण्याची शक्यताही जास्त असते. बँकेतल्या ठेवीला ठरावीक रकमेपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला तसं नसतं. सगळा पैसा एकाच ठिकाणी ठेवू नये. हे सांगायला दहा मिनिटं लागली असती. मी म्हणाले, जास्त देणारे असतात, पण तो धडा वेगळा आहे, तो पुढच्या महिन्यात घेऊ. आणि पिशवी उचलून फाट्याकडं निघाले. बस मिळाली. खिडकीजवळची जागाही मिळाली, आणि आपला वर्ग आज चांगला झाला असं वाटून मी सुखानं बसले होते.

तीन आठवड्यांनी मी घरी गेले तेव्हा आईनं डाळीच्या कोठीतून तो डबा काढला आणि माझ्यापुढं ठेवला. आत नोटा नव्हत्या. घडी घातलेली एक पावती होती, तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेची. चोवीस हजार, पाच वर्षांची मुदत, आणि व्याज बँकेच्या बरोबर दुप्पट. तो आकडा मी दोनदा वाचला. मी विचारलं, ही पतसंस्था तुला कुणी सांगितली?

तिनं जे सांगितलं ते ऐकून आजही मला हसू आणि रडू दोन्ही येतं. त्या संस्थेचा अध्यक्ष आसपासच्या प्रत्येक गावातल्या तेरवीला यायचा. श्रीमंताच्याच नाही, मजुराच्याही. खाली पंगतीत बसून जेवायचा, पत्रावळीत काही टाकायचा नाही, आणि घरातल्या बाईला हात जोडूनच उठायचा. वडिलांच्या तेरवीलाही तो आला होता. साखरेवरून भाऊ भांडत होते तेव्हा त्यानंच मध्ये पडून दोघांना गप्प केलं होतं. इतकी वर्षं आईनं माणसं तेरवीच्या पंगतीतच पारखली होती. कोण आलं, कोण टाळून गेलं, कोण ताटावरून रागानं उठलं, हे तिला पाठ असायचं. त्या हिशोबात हा माणूस सगळ्यांत खरा निघाला होता.

"आपल्या घरच्या दुःखाचं जेवला हाय तो," आई म्हणाली. "तो आपलं बुडवत नसतो."

मला तिथंच सांगता आलं असतं. मुदतीआधी थोडं नुकसान सोसून पैसे काढता आले असते, तेव्हा ती संस्था देत होती. पण आईचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. तिनं हिशोब केला होता, पाच वर्षांनी तीनशेवर पानं उठणार होती. आणि खरं सांगायचं तर मला अभिमानही वाटला. माझं ऐकून कुणीतरी काही केलं होतं, आणि ती माझी आई होती. मी पावती घडी घालून परत दिली आणि बरं केलंस म्हणाले. मनात म्हटलं, थोडे दिवस जाऊ देत, मग बोलू.

पुढच्या महिन्यात गावात वर्ग होता. जोखमीचा धडा कबूल केलेला होता. आई पुढंच बसली होती. तिच्यासमोर, तिच्याच तोंडावर, तो धडा वाचायची मला हिंमत झाली नाही. मी वारसनोंद शिकवली. आपल्यामागं पैसा कुणाच्या हाती द्यावा त्याचं नाव खात्याला लावून ठेवायचं, एवढ्यावर तासभर बोलले. त्या गावात तो आठवा धडा मी घेतलाच नाही. बाकी सगळीकडं घेतला.

दोन वर्षंही झाली नाहीत आणि पतसंस्थेचं शटर खाली आलं. मला वहिनींचा फोन आला. मी गेले तेव्हा आई रस्त्याच्या कडेला रांगेत बसली होती, डब्यात भाकरी बांधून आणली होती, जसं काही दवाखान्यात नंबर लावायचा आहे. पुढं दोनशे-तीनशे माणसं. कुणी शटरवर हात आपटत होतं, कुणी फोन लावत होतं. अध्यक्ष कुठं होता कुणाला ठाऊक नव्हतं. दुपारी एका माणसानं कागद वाटले, त्यावर नाव, रक्कम, पावतीचा क्रमांक लिहून द्यायचा. मी आईचा कागद भरला. तो कागद कुठं गेला ते आजवर कळलेलं नाही.

परतीच्या बसमध्ये ती भाकरीचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. मी तिचा हात धरला होता. रडू येत होतं आणि लोकांपुढं येऊ नये म्हणून मी खिडकीबाहेर पाहत होते. फाटा जवळ आला तेव्हा तिनं विचारलं, आता किती पानं उठतील? मी पुन्हा खिडकीकडं वळले. तिलाच माझी दया आली असावी. म्हणाली, बेणं हाय अजून.

त्या साली तिनं पुन्हा दोन सऱ्या लावल्या. गुडघे दुखत असताना लावल्या. पाऊसपाणी बरं झालं, पानं कमरेइतकी वाढली. मी म्हणायची, तेरवीचा खर्च मी करीन, कशाला त्रास करून घेतेस. त्यावर ती खुरपं उचलून बांधाकडं निघायची. दिवाळी झाली, आणि त्यानंतर आठवड्याभरात ती गेली. छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

तरलता हा शब्द मी पूर्वी घाईत उरकायची. गरजेच्या दिवशी पैसा हाताशी येणं, ती तरलता. घर असतं, जमीन असते, पण आज रोख हवं असेल तर ते आज विकून होत नाही. आईच्या दोन सऱ्या उभ्या होत्या. हळद तयार व्हायला अजून तीन-चार महिने होते. तेरवी तेराव्या दिवशी असते. तिचा पैसा जमिनीत होता आणि पानं भावांच्या पैशानं उठली. मी माझा तिसरा हिस्सा दिला, भावांनी घेतला. साखर यावेळी जास्तच आणली होती. मी मागं जाऊन आचाऱ्याला विचारलं, एका पानाला काय पडलं? त्यानं मान वर करून पाहिलं आणि म्हणाला, तुमची आई इचारायची तसंच इचारलं तुमी. तिथं चुलीपाशी मी पहिल्यांदा मोठ्यानं रडले.

थोरला भाऊ आला, मला बाजूला नेलं, पाणी दिलं. तो कधी फार बोलणारा नाही. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला:

"तू काहून मनाला लावून घेतेस? आईनं सांगितलं व्हतं आमाला. तू तिला नको, नको म्हणलीस, तिनंच ऐकलं न्हाई. तुझं ऐकलं असतं तर आजची पंगत तिच्या पैशाची असती."

मला आधी समजलंच नाही. मग वहिनींनीही तेच सांगितलं. शटर पडलं त्याच दिवशी, फाट्यावर उतरून घरी गेल्यावर, आईनं दोघा भावांना बोलावून हे सांगितलं होतं. गावात सगळ्यांना तेच सांगितलं होतं. पोरीनं बजावलं व्हतं, मीच हावरेपणा केला. आईच्या पैशाचा एक रुपया वाचला नव्हता. वाचवण्यासारखं तिच्याकडं एकच उरलं होतं, माझा शब्द. मॅडमच्या सांगण्यावरून मॅडमच्याच आईचे पैसे बुडाले, हे गावाला कळलं असतं तर कुठली बाई माझ्यापुढं सतरंजीवर बसली असती? भावांनी मला उंबऱ्यात तरी उभं केलं असतं का? हे सगळं तिनं त्या बसमध्ये, खिडकीबाहेर बघणाऱ्या लेकीशेजारी बसून ठरवलं असणार.

आणि मी त्यांना खरं सांगितलं नाही. भाऊ पाठीवर हात ठेवून उभा होता आणि मी मान हलवली. त्या मान हलवण्याची मला आईच्या मरणाइतकीच आठवण येते.

फाल्गुनात वहिनींनी आईच्या सऱ्या काढल्या. हळद शिजवली, वाळवली, विकली. पैसे माझ्याकडं पाठवले, आईची लेक म्हणून. मी त्याला पानाच्या भावानं भागलं. अठ्ठावन्न पानं झाली असती. बेणं तेवढं वहिनींनी ठेवून घेतलं होतं.

गेल्या महिन्यात पुन्हा आमच्या गावचा वर्ग आला. आईची भिंतीजवळची जागा रिकामी नव्हती, तिथं कुणाची तरी सासू बसली होती. मी फळ्यावर आधी जोखीम हा शब्द लिहिला, सगळ्यांत वर. मग पुस्तिका मिटली आणि सांगितलं. डबा, पावती, दुप्पट व्याज, पंगतीत जेवणारा माणूस. मी म्हणाले, ती बाई माझी आई, हे तुम्हाला माहीतच आहे. पण मी तिला नको म्हणाले नव्हते. पावती पाहून मी बरं केलंस म्हणाले होते. तुम्हाला तिनं सांगितलं ते खोटं होतं, मला वाचवण्यासाठी सांगितलेलं.

वहिनी खाली मान घालून सतरंजीचा दोरा ओढत होत्या. मला वाटलं, आता एकेक उठतील. मी उठले असते. बऱ्याच वेळानं भिंतीजवळच्या त्या सासूबाईंनी पदराची गाठ सोडली, आत काय होतं ते मुठीत धरलं आणि विचारलं:

"मग आमी कुठं ठेवावं, बाई?"

मी पुस्तिका उघडली. आठवा धडा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला, प्रत्येक ओळ समजावून. मध्येच बाहेर फाट्याकडून बसचा भोंगा ऐकू आला. वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. मी पुढची ओळ वाचली.